वरच्या मजल्यावर धार नाही, खालच्या मजल्यावर वास: जुन्या इमारतीचे प्लंबिंग समजून घेताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर सोसायट्यांनाही ताडून पाहता येईल. इंदूरला सुदामानगरात तळमजला धरून चार मजल्यांची, सोळा फ्लॅटची इमारत, वीस-बावीस वर्षे जुनी. तिसऱ्या मजल्यावर शॉवरला धार नाही. तळमजल्यावरच्या बाथरूममध्ये वास येतो, आणि वर कोणी फ्लश ओढला की जाळीतून गुडगुड ऐकू येते. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड, पण ते पुढच्या पाळीपर्यंत पुरत नाही. ठेकेदार येऊन बघून गेला आणि म्हणाला, ‘पूरी लाइन बदलनी पड़ेगी.’ हे खरे का, आणि सोसायटीचे सचिव म्हणून तुम्हाला यातले काय कळायला हवे, असे तुम्ही विचारले आहे.

पूर्ण लाइन बदलायची वेळ आलेली दिसत नाही. तुमच्या तीन तक्रारींची कारणे तीन ठिकाणी आहेत आणि ठेकेदाराने त्यांची एक मोळी बांधून दिली आहे. इमारतीतले स्वच्छ पाणी दाबावर चालते. घाण पाणी उतारावर आणि हवेवर चालते. हे दोन वेगळे संसार आहेत. धार कमी असली की दाब शोधायचा. वास आला, आवाज आला, पाणी तुंबले की उतार आणि हवा शोधायची. या दोन्हींच्या आधी इंदूरपुरता आणखी एक प्रश्न येतो, तो साठवणीचा. तिथूनच सुरुवात करू.

आपले नळाचे पाणी नर्मदेचे. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्य चढून ते येते. पहिला टप्पा १९७८ साली सुरू झाला. चोवीस तास नळ नाही, म्हणून प्रत्येक इमारतीला खाली हौद, मोटर आणि वर टाकी अशी स्वतःची छोटी पाणीयोजना चालवावी लागते. घरगुती वापराला, फ्लश धरून, माणशी रोज १३५ लिटर हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब. सोळा फ्लॅट, घरटी चार माणसे, म्हणजे ६४ माणसांना दिवसाला ८,६४० लिटर आणि दोन दिवसांना १७ हजारांच्या वर. तुम्ही हौद १०,००० लिटरचा आणि वरच्या टाक्या मिळून ५,००० लिटर असे कळवले आहे. दोन्ही काठोकाठ भरले तरी १५,००० झाले. मग पाणी संपते यात कसले नवल! पाइप बदलून ही वजाबाकी बदलत नाही. हौदाशेजारी जागा असेल तर ३,००० ते ५,००० लिटरची आणखी एक टाकी बसवून दोन्ही जोडून घ्या. सोळा फ्लॅटना तो खर्च जड नाही.

टाकी घेण्याआधी गळती मात्र बघून घ्या. रात्री साडेअकराला, सगळे निजल्यावर, वरच्या टाकीतली पातळी आतून खडूने खूण करा. मोटर बंद ठेवा आणि पहाटे पाचला पुन्हा बघा. एखाद-दुसरा फ्लश समजण्यासारखा आहे, पण पातळी चार बोटे उतरली असेल तर कुठेतरी पाणी जाते आहे. पहिला संशय फ्लशच्या टाक्यांवर घ्यावा. आतला रबरी वाशर कडक झाला की पाणी भांड्याच्या मागच्या बाजूने कागदाएवढ्या पातळ पदराने उतरत राहते, ना आवाज ना डाग. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा लाल रंग टाका आणि वीस मिनिटे फ्लश ओढू नका. भांड्यात रंग उतरला तर वाशर गेला. सोळा घरांत एका रविवारी हा प्रयोग करा. तीन-चार घरे हमखास निघतात. दुसरा संशय वरच्या टाकीच्या बॉलकॉकवर, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळावर. तो अडकला की जादा पाणी ओव्हरफ्लोमधून थेट पावसाच्या पाइपात जाते आणि खाली कोणाला पत्ताही लागत नाही. ओव्हरफ्लोचे तोंड मुद्दाम अशा जागी काढावे, की पाणी पडले तर जिन्यात किंवा पार्किंगमध्ये चारचौघांना दिसेल.

आता एक गोष्ट थोडी कडक बोलतो. तुमच्या इमारतीत दोन फ्लॅटवाल्यांनी नगर निगमच्या लाइनवर थेट टुल्लू, म्हणजे पाणी ओढणारी छोटी मोटर, लावला आहे, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. तो आजच्या आज काढायला लावा. नियमात बसत नाही हे तर आहेच, पण त्याहून मोठे कारण असे, की मोटर पाणी ओढते तेव्हा बाहेरच्या पाइपात दाब शून्याखाली जातो. दाब असताना सांध्यातून पाणी बाहेर झिरपते. ओढ लागली की त्याच सांध्यातून बाहेरचे आत येते. रस्त्यात पाण्याची लाइन आणि ड्रेनेज एकमेकांना खेटून गेलेली असतात, तेव्हा आत काय येते ते वेगळे सांगायला नको. नळाचे पाणी नुसत्या दाबाने हौदात पडू द्यावे आणि मोटर फक्त हौदातून वर चढवायला वापरावी. एक दिवसाआड पाणी येते तिथे सुरुवातीची काही मिनिटे पाणी गढूळ असते, तेवढे बाहेर सोडून मग हौदाचा व्हॉल्व्ह उघडावा. नळ हौदात बुडालेला नको. पाणी ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वर, मोकळ्या हवेतून पडायला हवे, म्हणजे हौदातले पाणी उलटे लाइनीत ओढले जाणार नाही.

बोरिंगलाही तोच नियम. कित्येक इमारतींत नर्मदेची आणि बोरिंगची लाइन मध्ये एक व्हॉल्व्ह टाकून थेट जोडलेली असते. तो व्हॉल्व्ह कधीतरी गळतोच. दोन्ही पाणी वेगवेगळ्या पाइपांनी वरून हौदात सोडा किंवा, त्याहून चांगले, बोरिंगला वेगळी टाकी करून ते फक्त फ्लशला, बागेला आणि गाड्या धुवायला द्या. माळव्याच्या काळ्या खडकातले पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असे आहे. तुमच्या बोरिंगचा आकडा प्रयोगशाळेतून एकदा काढून आणा. तो चारशेच्या पुढे असेल तर शॉवर, गीझर आणि वॉशिंग मशीनच्या निम्म्या तक्रारी तिथेच उलगडतील.

वरच्या मजल्याकडे येऊ. दहा मीटर उंचीचे पाणी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब. तुमची टाकी गच्चीपासून दीड मीटर उंच ओट्यावर आहे. तिसऱ्या मजल्याचा शॉवर गच्चीच्या एक मीटर खाली, म्हणजे टाकी रिकामी होत आली की जेमतेम अडीच मीटर उंची, पाव किलो दाब. तळमजल्याला त्यात तीन मजल्यांचे नऊ मीटर वाढतात आणि एक किलोपेक्षा थोडा जास्त दाब मिळतो. वरच्यांना धार कमी मिळणार हे त्या घराच्या जागेतच आहे. मोठ्या तबकडीचा नवा शॉवर बसवल्यावर तक्रार वाढते तीही याचमुळे. तसले शॉवर एक किलोच्या पुढच्या दाबासाठी केलेले असतात.

तरी ‘कमी धार’ आणि ‘धारच नाही’ यांत फरक आहे. शॉवरचे डोके आणि नळाच्या तोंडची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाका. मग नुसत्या उघड्या नळाखाली १५ लिटरची बादली ठेवून ती किती वेळात भरते ते घड्याळ लावून बघा: तिसऱ्या मजल्यावर चारही घरांत, स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये वेगळे. एकाच घरात कमी असेल तर दोष त्या घरात. एकाच उभ्या पाइपावरच्या सगळ्या बाथरूममध्ये कमी असेल तर त्या पाइपात किंवा त्याच्या गच्चीवरच्या व्हॉल्व्हमध्ये. हा अर्ध्या तासाचा उद्योग ठेकेदार करत नाही, कारण यातून बिल निघत नाही.

गच्चीवरचा व्हॉल्व्ह हे फार दुर्लक्षित ठिकाण. जुन्या इमारतीत तिथे पितळी गेट व्हॉल्व्ह असतात. वरचे चाक मजेत फिरते, बंद-उघड झाल्यासारखे वाटते, पण आतला गेट दांड्यापासून निखळून खाली पडलेला असतो आणि अर्धी वाट अडवून बसतो. व्हॉल्व्ह खोलून हातात घेतला की दिसतो: एका बाजूला हिरवट क्षार, खाली आडवी पडलेली पितळी चकती. तिथे बॉल व्हॉल्व्ह घालावा; पाव वळशात उघडतो आणि दांडीकडे बघून उघडा की बंद ते कळते. माझ्या पाहण्यात ‘पाइप चोक’ म्हणून सांगितलेल्या इमारतींपैकी बऱ्याच ठिकाणी एवढ्यावरच काम भागले.

पाइपच बुजला असेल तर ते जीआयमध्ये, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपात होते. आतून गंज आणि क्षार मिळून व्यास कमी होतो, आणि व्यास कमी झाला की नुकसान सरळ प्रमाणात होत नाही. तेवढेच पाणी निम्म्या व्यासातून न्यायचे तर घर्षणात जाणारा दाब सुमारे बत्तीसपट होतो. पाव किलोच्या भांडवलावर हा तोटा परवडत नाही. म्हणून बदलायचेच तर गच्चीवरची आडवी लाइन आणि तिसऱ्या मजल्याचा उतरता पाइप बदला. तोही खालच्या मजल्यांच्या पाइपात न अडकवता, टाकीपासून स्वतंत्र आणि एक माप मोठा घ्या. खाली कोणी नळ उघडला की वरची धार पडते, ते त्याने थांबेल. त्याउपर जोरदार धार हवीच असेल तर टाकीच्या पुढे, फक्त वरच्या चार घरांच्या लाइनवर, लहान प्रेशर पंप लावता येतो. टाकी एक मीटर उचलून शंभर ग्रॅम दाब वाढतो. त्यासाठी ओटा बांधायला मी सांगणार नाही, जुन्या स्लॅबवर पाच टन पाण्याचे ओझे हलवणे हा इंजिनिअरला विचारून करायचा प्रकार आहे.

आणखी एक, आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट. टाकी पूर्ण रिकामी झाली की उतरत्या पाइपात हवा शिरते. पुन्हा पाणी भरले तरी ती हवा आडव्या, वर-खाली गेलेल्या पाइपात अडकून बसते आणि नळाला नुसते फुसफुस. प्रत्येक उतरत्या पाइपाला गच्चीवर, व्हॉल्व्हच्या पुढे, टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच जाणारी अर्ध्या इंचाची उघडी नळी हवी. तिच्यातून हवा निघून जाते. पुष्कळदा ती नळी असते, पण ‘हिच्यातून पाणी उडते’ म्हणून कोणीतरी टोपण लावून टाकलेले असते.

आता तळमजल्याचा वास. इथे मला जरा जास्त बोलावे लागेल, कारण बाथरूम फोडून झाल्यावरही वास जात नाही अशी उदाहरणे मी सर्वांत जास्त पाहिली आहेत.

बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात किमान ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी कायम उभे असते. ड्रेनेजमधला वायू आणि तुमचे घर यांच्यामध्ये तेवढाच पडदा. बेसिनखाली, कमोडमध्ये आणि बाहेर, सांडपाणी चेंबरमध्ये जाण्याआधीच्या गली ट्रॅपमध्ये तीच युक्ती. हे दोन इंच पाणी गेले की वास आला. बंद फ्लॅटमध्ये ते उन्हाळ्यात सुकते. तिथे दर पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी ओतले की झाले. तुमच्याकडे मात्र गुडगुड आहे, म्हणजे पाणी सुकत नाही, ओढले जाते. वरून तीन मजल्यांचा फ्लश उभ्या पाइपातून खाली येताना आपल्या मागे हवा ओढतो आणि पुढची हवा दाबतो. पाण्याने भरलेली बाटली उलटी केली की ती हवेसाठी गटगट करते, तशीच ती जाळी करते आहे. हवा वरून मिळाली नाही की पाइप ती ट्रॅपमधून घेतो आणि पाण्याचा पडदा फाटतो.

म्हणून आधी गच्चीवर जा, बाथरूममध्ये नको. मैल्याचा उभा पाइप गच्चीच्या वर निघून, तोंडावर जाळीदार टोपी घेऊन उघडा असायला हवा. वॉटरप्रूफिंग करताना तो कापून सिमेंटने बुजवणे, त्यावर पत्र्याची शेड येणे, पारव्यांनी घरटे करणे, यांपैकी काहीतरी सापडेल. मोकळा करून वरून बादलीभर पाणी सोडा आणि खाली चेंबरमध्ये धार कशी येते ते बघा.

हवा मोकळी करूनही आवाज राहिला तर तळमजल्याचे सांडपाणी कुठे जोडले आहे ते शोधा. ते उभ्या पाइपाच्या तळाशी जोडलेले असू नये. वरून पडणारे पाणी तिथे वळण घेते आणि क्षणभर तुंबते. त्या दाबाने फेस आणि वास उलटे तळमजल्यात शिरतात. तळमजल्याची लाइन वेगळी नेऊन थेट बाहेरच्या चेंबरमध्ये सोडायची असते. ती तशी नसेल, तर तुमच्या इमारतीत फोडाफोड करण्याजोगी हीच एक जागा, आणि ती बाहेरून होते, कोणाच्या टाइल्सना धक्का लागत नाही.

मग चेंबर. सगळी झाकणे एकाच वेळी उघडा, वरच्या चेंबरमध्ये चुना कालवलेले पांढरे पाणी सोडा आणि ते पुढे कसे सरकते ते पाहा. कुठे थांबते, कुठे नाहीसे होते, हे डोळ्यांना दिसते. चार इंची पाइपाला ४० फुटांत एक फूट ते ६० फुटांत एक फूट असा उतार लागतो. काळ्या मातीत तो टिकत नाही, हे आपल्या माळव्याचे दुखणे. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वीस वर्षांत चेंबर एकीकडे बसतो, पाइप दुसरीकडे उचलला जातो आणि सांधा उघडतो. मग त्या सांध्यात शेजारच्या पिंपळाची मुळे शिरतात. अशा वेळी तेवढाच तुकडा उकरून, खाली मुरूम किंवा वाळू ठोकून, उतार बघून पुन्हा टाकावा. दर महिन्याला बांबूच्या पट्ट्या घालून तुंबलेले मोकळे करत राहण्यात काही राम नाही.

पहिल्या मोठ्या पावसातच तळमजल्यावर पाणी उलटत असेल तर गच्चीचे पावसाचे पाइप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडले आहेत का ते बघा. बांधताना जवळचा खड्डा म्हणून तसे केले जाते. ते सोडवून बोरिंगच्या पुनर्भरणाला वळवा, अर्थात आधी गाळणी-खड्डा करून.

ॲसिडबद्दल एक सूचना. तुंबले की बाटलीभर ॲसिड ओतायची सवय घराघरांत आहे. त्याने केसांचा आणि साबणाचा गोळा हलत नाही, जाळीची आणि सांध्याची मात्र वाट लागते. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड तर एकत्र कधीही येऊ देऊ नका. क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. जाळी काढून, हातमोजा घालून गोळा बाहेर काढणे हाच उपाय, किळसवाणा असला तरी.

प्लास्टिक पाइपांच्या जातींबद्दल थोडक्यात: थंड पाण्याला यूपीव्हीसी, गरम पाण्याला सीपीव्हीसी, सांडपाण्याला एसडब्ल्यूआर. गीझरनंतर यूपीव्हीसी लावलेला दिसला तर तो बदलून घ्या. प्रत्येक जातीचे सोल्युशन वेगळे असते. एकाच डब्यातून सगळे चिकटवणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा.

देखभालीत हौद आणि टाक्या वर्षातून दोनदा धुवा, त्यांतली एक खेप पावसाळा संपल्यावर. गाळ काढून टाकी चौथाई भरा. दर हजार लिटर पाण्यात २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर, आधी बादलीत कालवून वरचे निवळ तेवढे, घाला. त्याच पाण्याने भिंती ब्रशने घासा. मग प्रत्येक घरात नळाला वास येईपर्यंत पाणी सोडून रात्रभर तसेच ठेवा आणि सकाळी सगळे काढून टाका. घरोघर आदल्या दिवशी चिठ्ठी द्या, म्हणजे ते पाणी कोणी पिणार नाही. बंद हौदात माणूस एकदम उतरवू नका. दोन्ही झाकणे तासभर उघडी, मोटरची वीज मेनपासून बंद आणि वर दुसरा माणूस हजर, तरच. मैल्याच्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये तर माणूस उतरवायचाच नाही. संरक्षणाची साधने न देता उतरवणे हा हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मैला उपसणारी गाडी बोलवा.

बाकी कामे लहान आहेत. गच्चीवरचे आणि घरातले सगळे व्हॉल्व्ह तीन महिन्यांनी एकदा पूर्ण बंद-उघड करावेत, नाहीतर गरजेच्या दिवशी ते हलत नाहीत. बेसिन आणि गीझरच्या लवचीक कनेक्शन पाइपांवर गंजाचा ठिपका दिसला की बदला. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ‘टपकतो’ म्हणून बुच मारून बंद करू नका. तो टपकतो म्हणूनच गीझर फुटत नाही. चेंबर मे महिन्यात साफ करा. प्रत्येक व्हॉल्व्हला पत्र्याची पट्टी बांधून त्यावर ‘अ विंग, स्वयंपाकघर’ असे रंगाने लिहा आणि इमारतीतल्या सगळ्या लाइनींचा एक हाती काढलेला नकाशा सोसायटीच्या फायलीत ठेवा. ज्याच्याकडे बाथरूमचे काम निघेल त्याने टाइल्स बसवण्याआधी भिंतीतल्या पाइपांचे फोटो काढून तुम्हाला द्यावेत, असा ठरावच करून घ्या.

ठेकेदाराला आता असे सांगा: आधी टुल्लू, फ्लशचे वाशर, गच्चीचे व्हॉल्व्ह, हवेच्या नळ्या आणि उभ्या पाइपाचे तोंड. त्यानंतर महिनाभर थांबायचे. मग गरज उरली तर तिसऱ्या मजल्याचा स्वतंत्र उतरता पाइप आणि तळमजल्याची बाहेरची ड्रेनेज लाइन, अशा दोनच कामांचा वेगवेगळा दर. नव्या पाइपाचे सांधे चोवीस तास सुकू द्या. मग तोंडे बंद करून, हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या किमान दीडपट दाब चढवून दोन तास ठेवायचा आणि गेजचा काटा उतरला नाही तरच प्लास्टर. त्या दोन तासांत गेजजवळ तिसऱ्या मजल्यावरचे कोणीतरी बसवा, ठेकेदाराचा माणूस नको.